भंगारातले पोलाद पारखायला शिकवणाऱ्या काकांस

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

लोहारकाम शिकायचे म्हटले की बहुतेक जण आधी खरेदीची यादी हाती देतात. आपण मला भंगाराच्या ढिगापाशी नेलेत आणि हातोड्याआधी चुंबक व कानस हातात दिलीत. त्याचे आभार तोंडी मानून माझे समाधान होईना, आणि जुन्या लोखंडापासून सुरुवात करू पाहणाऱ्या इतरांनाही आपली पद्धत कळावी, म्हणून हे पत्र सर्वांसमक्ष लिहीत आहे.

कोणता तुकडा भट्टीत घालायचाच नाही, हे आपण सर्वांत आधी शिकवलेत, आणि माझ्या मते आपले सर्वांत मोठे उपकार तेच. जस्ताचा मुलामा दिलेले पाइप आणि पत्रे आपण पहिल्याच दिवशी वेगळे काढायला लावलेत. जस्त सुमारे ९०७ अंश सेल्सिअसला उकळते, घडाईचे तापमान त्याच्या वर असते, आणि तो धूर छातीत गेला तर थंडी वाजून ताप भरतो. क्रोमचा मुलामा असलेल्या वस्तूंनाही आपण हात लावू दिला नाहीत. गाडीचे शॉक अॅब्सॉर्बर किंवा दोन्ही तोंडे बंद असलेली नळी तापवली तर आतल्या दाबाने ती फुटते, हे आपण इतक्या वेळा बजावलेत की आता नळी दिसली की मी आधी तिची तोंडे पाहतो.

पुढची पायरी पारखण्याची. भंगारातल्या तुकड्यावर त्याची जात लिहिलेली नसते; ती काढून घ्यावी लागते. ग्राइंडरवर टेकवल्यावर मऊ लोखंडाच्या ठिणग्या लांब आणि साध्या जातात, तर जास्त कार्बनच्या पोलादाच्या ठिणग्यांना जागोजागी फाटे फुटतात. तरीही ठिणगीवर विसंबून न राहता तुकड्याचे टोक कापून तापवायचे, चुंबक चिकटेनासे झाले (हे साधारण ७७० अंशांना घडते) की आणखी थोडे तापवून पाण्यात विझवायचे आणि कडेला धरून ठोकायचे: काचेसारखे तुटले तर त्याचे धारदार हत्यार होईल, नुसते वाकले तर ते आकडे, कड्या आणि बिजागऱ्यांसाठी ठेवायचे. या एका कसोटीने माझे किती कष्ट वाचले असतील, याची मोजदाद नाही. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, मात्र कसोटीपर्यंतही जात नाही. त्यात कार्बन २ टक्क्यांहून अधिक असतो आणि ते तापवून ठोकले तरी भुगा होतो.

गाडीच्या स्प्रिंगमधल्या जुन्या कमानपाट्यांबद्दलचा आपला सावधपणा मला सुरुवातीला अतिरेकी वाटे. पोलाद उत्तम, पण वर्षानुवर्षे वाकून-सरळ होऊन त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडलेल्या असतात, आणि त्या नेमक्या पाणी देताना, म्हणजे तापलेले पोलाद विझवताना, उघडतात. म्हणून वापरलेल्या पाट्यापेक्षा कारखान्यात कापून उरलेला कोरा तुकडा मिळाला तर तो घ्यावा, हे आपले म्हणणे आज मी इतरांनाही सांगतो.

ऐरणीचा प्रश्न आपण रुळाच्या तुकड्याने सोडवलात. जड जातीचा रूळ मीटरला ६० किलो भरतो, म्हणजे अर्धा मीटर तुकड्याचे वजन ३० किलो होते. तो आडवा ठेवण्याऐवजी लाकडात उभा रोवला की ते सारे वजन घावाच्या थेट खाली येते. वरचा भाग अरुंद राहतो खरा, पण हातोड्याचे तोंड तरी कुठे मोठे असते! जुन्या ब्रेक ड्रमची भट्टी आणि तिला जोडलेला लहान ब्लोअर यांविषयी वेगळे सांगण्यासारखे काही नाही. दोन्ही बिनतक्रार चालतात.

पाणी दिल्यावर पोलाद ठिसूळ होते, म्हणून ते घासून पुन्हा हलके तापवायचे आणि अंगावर चढणारा रंग पाहायचा, हे आपण शेजारी उभे राहून दाखवलेत. २३० अंशांच्या आसपास गवती पिवळा आणि ३०० च्या आसपास निळा रंग येतो. ही छटा पुस्तकात वाचून कळली नसती, कारण ती डोळ्यांदेखत सरकत जाते आणि क्षणभर उशीर झाला तर हातची निसटते.

सध्या मऊ लोखंडाच्या सळ्यांची सांडशी घडवतो आहे. रिव्हेटचे भोक तापलेले असतानाच सुंब्याने पाडले. जबडे अजून नीट जुळत नाहीत. पुढच्या भेटीत ती घेऊन येईन, कृपया तपासून द्यावी.

आपला ऋणी,
एक शिकाऊ