वाचन बंद करून कादंबरी ओरिजिनल होत नाही

संपादक साहेब, स.न.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत एका कादंबरीकारांनी म्हटलंय की लिहायला घेतलं की ते दुसऱ्या कुणाची कादंबरी हातातच धरत नाहीत, छाप पडते म्हणून. वाचून हसू आलं, कारण दोन कादंबऱ्या लिहिताना मी पण अगदी हेच सोवळं पाळलं, वर्ष-वर्ष नुसती पाककृतींची पुस्तकं, प्रवासवर्णनं, एकदा तर चक्क पंचांग वाचत बसले पण कादंबरी नाही.

आणि तरी विटाळ झालाच! तिसऱ्या कादंबरीत एक सीन लिहिला, म्हातारी रोज दुपारी दोन बशांत चहा ओतते, एक स्वतःची एक गेलेल्या नवऱ्याची, वर साय धरेपर्यंत थांबते आणि मग ती दुसरी पण स्वतःच पिऊन टाकते. इतकी खूश होते मी त्यावर की घरात दोनदा वाचून दाखवला. मग दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून एक पुस्तक खाली आलं, कॉलेजात असताना अप्पा बळवंत चौकातून सेकंडहँड घेतलेलं, सहज उघडलं तर तीच म्हातारी, त्याच दोन बशा, आणि खाली पेन्सिलीची रेघ, माझीच. पंचवीस वर्षं उघडलं नव्हतं ते. तिथे कॉफी होती, चहा तेवढा माझा.

आंधळ्या-बहिऱ्या अमेरिकन लेखिका हेलन केलरचं असंच झालं होतं. अकरा वर्षांची असताना तिने 'द फ्रॉस्ट किंग' नावाची गोष्ट लिहिली, छापून आली आणि १८९२ मध्ये गाजलं की ही तर मार्गारेट कॅन्बी या लेखिकेच्या गोष्टीसारखी आहे. ती गोष्ट कुणीतरी तिला आधी हातावर बोटांच्या खुणांनी वाचून दाखवलेली, पोरीला आठवत पण नव्हती, पण चोरीचा आळ आला आणि शाळेत चौकशी बसली ती बसलीच. पुढे आत्मचरित्रात तिने लिहिलंय की नंतर आईला साधं पत्र लिहितानाही धास्ती वाटायची, हे वाक्य आपलं का कुठं वाचलेलं.

म्हणजे भीती काल वाचलेल्याची नाहीच हो, ते आठवतं, पकडता येतं. विसरलेलं कसं पकडणार?

वकील मैत्रीण म्हणाली कॉपीराइट नुसत्या कल्पनेला नसतो, मांडणीला असतो, सुटलीस तू. पण सुटल्यासारखं वाटेना, सीन काढून टाकला. ज्ञानेश्वरांनी तर सरळ सांगून टाकलं की व्यासांचा मागोवा घेत, भाष्यकारांना वाट पुसत आलो, आणि आपण मात्र कुणाला वाट विचारलीच नाही असा आव आणतो.

आता मी लिहिताना दाबून वाचते, आणि दोनशे पानी वहीत तारीख, पुस्तक, काय आवडलं ते लिहून ठेवते, अक्षर घाण आहे पण मला लागतं. तिसरी वही चालू आहे. म्हातारीच्या जागी अजून काही सुचलेलं नाही, ते पान तसंच कोरं आहे आणि प्रकाशकांचा दर सोमवारी फोन येतो.

— एक कादंबरीवाली, सदाशिव पेठ, पुणे