कुठल्या वहीत? : काकांना जाहीर आभारपत्र

ती. काका यांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र चारचौघांत लिहितेय म्हणून तुम्ही थोडे रागावाल. पण लेकाच्या लिटल लीग, म्हणजे लहान मुलांच्या बेसबॉल टीमचं स्कोअरबुक माझ्या गळ्यात पडलं तेव्हा धावून आलात ते तुम्ही एकटे, आणि अटलांटातल्या आपल्या निम्म्या मराठी मंडळींना याचा पत्ताही नाही. तुम्ही स्वतःहून सांगणार नाही. म्हणून मी सांगते.

स्कोअरबुकात मैदानावरच्या प्रत्येक जागेला आकडा: पिचर १, कॅचर २, शॉर्टस्टॉप ६. चेंडू शॉर्टस्टॉपकडून सेकंड बेसला, तिथून फर्स्ट बेसला गेला आणि दोघे आउट झाले की ६-४-३. तीन स्ट्राइक होऊन बाद, म्हणजे स्ट्राइक आउटला ‘के’, बॅट न हलवता उभ्या उभ्या गेला तर तोच ‘के’ उलटा. होम रन झाली, म्हणजे चेंडू कुंपणापार गेला, की खेळाडूच्या चौकटीतला छोटा हिरा पेन्सिलीने पूर्ण काळा. दादरच्या मैदानांवर क्रिकेट क्लबच्या मॅचेस लिहिलेला तुमचा हात, त्यामुळे शिकवणीही तशीच कडक. स्कोअररने टाळ्या वाजवायच्या नाहीत, हा तुमचा नियम माझ्याकडून अजून नीट पाळला जात नाही. पोटचा पोर मारतो तेव्हा कसा पाळणार?

पण खरे आभार त्या काळ्या हिऱ्यांच्या बेरजेबद्दल. सगळ्यांत जास्त होम रन कुणाच्या, असं लेकाने विचारलं. मी फोनमध्ये बघून सांगितलं, बॅरी बॉन्ड्स, ७६२. तुम्ही चष्म्यावरून बघत एवढंच विचारलंत, “कुठल्या वहीत?” त्या प्रश्नाने आमच्या घरातले कितीतरी रविवार खाल्ले.

बेब रूथच्या ७१४ पासून तुम्ही सुरुवात केलीत. १९३५ साली तो थांबला, आणि पुढे जवळजवळ चाळीस वर्षं तो आकडा कुणी ओलांडला नाही. मात्र रूथ ज्या मेजर लीगमध्ये, अमेरिकेतल्या सगळ्यांत वरच्या बेसबॉल लीगमध्ये, खेळला तिथे कृष्णवर्णीयांना दार बंद होतं. त्यांच्या वेगळ्या लीग, वेगळ्या वह्या. तिथला जॉश गिब्सन. कूपरस्टाउनच्या हॉल ऑफ फेममधल्या, म्हणजे बेसबॉलच्या मानाच्या दालनातल्या, त्याच्या पाटीवर जवळपास ८०० होम रन असा उल्लेख आहे, तर मेजर लीगने २०२४ मध्ये निग्रो लीगचे आकडे आपल्या दप्तरात घेतले तेव्हा त्याच्या नावावर दोनशेसुद्धा आले नाहीत. खोटं कोणीच बोलत नाही. लीगचे सामने मोजकेच असायचे, आणि पोटासाठी गावोगाव फिरून खेळलेल्या बाकीच्या सामन्यांची अधिकृत वही नव्हती. गिब्सन जानेवारी १९४७ मध्ये ३५ व्या वर्षी गेला. एप्रिलमध्ये जॅकी रॉबिन्सनने मेजर लीगचं दार उघडलं. हे सांगताना तुम्ही मध्येच पुण्याला गेलात, दलित क्रिकेटपटू पालवणकर बाळूकडे: विकेट त्याच्या चालायच्या, पण चहा पॅव्हिलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या कपात. लेकाला बाळू कोण हे माहीत नव्हतं. आता आहे.

मग हँक अॅरन. तुमचा जीव तिथेच अडकलेला, आणि आता माझाही. अलाबामातल्या मोबीलचा हा मुलगा १९५२ मध्ये इंडियानापोलिस क्लाउन्सकडून निग्रो लीगमध्ये खेळला, १९५४ मध्ये मिलवॉकी ब्रेव्ह्जमध्ये आला. हाच संघ पुढे अटलांटात आला. (क्लाउन्सकडून मारलेल्या होम रन आजही बेरजेत नाहीत. नव्या हिशेबात १९४८ पर्यंतचीच वर्षं घेतली आहेत.) एका मोसमात ५० होम रन त्याने कधीच मारल्या नाहीत; सर्वाधिक ४७, त्या १९७१ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी. पाठीवर नंबर ४४, आणि चार वेगवेगळ्या मोसमांत बरोबर ४४ होम रन. तुमचा आवडता हिशेब तर मला पाठ झालाय: ३,७७१ हिट्समधून (बेस गाठून देणाऱ्या फटक्यांतून) ७५५ होम रन सगळ्या वजा करा, तरी ३,०१६ उरतात. नुसत्या तेवढ्यावरही माणूस मोठा ठरला असता.

१९७३ चा मोसम संपला तेव्हा तो ७१३ वर होता. रूथच्या एक मागे, आणि मध्ये अख्खा हिवाळा. त्या वर्षी त्याला नऊ लाखांहून जास्त पत्रं आली. पाठिंब्याचीही होती, पण कितीतरी जिवे मारण्याच्या धमक्यांची. काळ्या माणसाने रूथला मागे टाकू नये म्हणून. संरक्षणाला पोलीस घेऊन त्याला वावरावं लागलं. ४ एप्रिल १९७४ ला सिनसिनाटीत मोसमातल्या पहिल्याच फटक्यावर ७१४. मग ८ एप्रिलला आपल्या अटलांटात, ५३ हजारांहून जास्त लोकांसमोर, डॉजर्सचा पिचर अल डाउनिंगला मारलेली ७१५ वी. चेंडू ब्रेव्ह्जच्याच बुलपेनमध्ये, राखीव पिचर सराव करतात त्या जागेत, टॉम हाउसने झेलला. होम प्लेटपाशी आई एस्टेला यांनी लेकाला घट्ट मिठी मारली. बेसबॉलचे कमिशनर बोवी कून मात्र हजर नव्हते. हे तुम्ही दर वेळी आवर्जून सांगता आणि दर वेळी तितकेच चिडता. तेव्हा तुम्ही इथे नुकतेच शिकायला आलेले, तिकिटाला पैसे नाहीत, म्हणून रेडिओवर ऐकलंत. ते स्टेडियम १९९७ मध्ये पाडलं. तुम्ही आम्हाला त्या पार्किंगमध्ये नेऊन ७१५ लिहिलेला भिंतीचा तुकडा दाखवलात, तेव्हा आजूबाजूला गाड्याच गाड्या होत्या आणि लेकाला भूक लागली होती.

जपानची वही तुम्ही शेवटी काढलीत. सादाहारू ओह, योमिउरी जायंट्स, १९५९ ते १९८०, ८६८ होम रन. जगातल्या कुठल्याही व्यावसायिक लीगमध्ये एवढ्या कुणाच्याच नाहीत. वडील चिनी, आई जपानी. प्रशिक्षक हिरोशी अराकावांनी त्याला समुराई तलवारीने सराव करायला लावला आणि एका पायावर उभं राहून मारायला शिकवलं. तिथली मैदानं लहान, मोसमही छोटा. दोन्ही गोष्टी तुम्ही सांगितल्यात, म्हणजे कुणाच्याच बाजूला माप झुकू नये. नोव्हेंबर १९७४ मध्ये टोकियोच्या कोराकुएनमध्ये हे दोघे समोरासमोर होम रन मारायला उभे राहिले आणि अॅरन १०-९ ने जिंकला.

राहिला बॉन्ड्स. ७ ऑगस्ट २००७ ला त्याने ७५६ वी मारली. अॅरन तिथे नव्हता, पडद्यावर त्याचा अभिनंदनाचा संदेश दाखवला. उत्तेजकांच्या संशयापायी लेखकांनी दहा वर्षांच्या मतदानात बॉन्ड्सला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं नाही. आणि तो चेंडू विकत घेणाऱ्याने लोकांची मतं मागवून त्यावर तारांकन, म्हणजे संशयाची खूण, कोरलं, तसाच तो कूपरस्टाउनला दिला. तुम्ही म्हणता, स्कोअरबुकात तारांकनाची खूण नाही. चेंडू कुंपणापार गेला की हिरा काळा करायचा. काका, इथे मात्र माझं तुमच्याशी जमत नाही. मी लेकाला ७५५ च सांगते, आणि तो तुमच्यासमोर मुद्दाम ७६२ म्हणतो.

हा वाद शनिवारच्या मॅचला पुढे नेऊ. स्कोअरबुक मीच लिहीन, तुम्ही फक्त शेजारी बसा. काकूंना नमस्कार.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
थर्ड बेसच्या मागे बसणारी स्कोअरर