चाल नवी असू दे, शब्द बघा
रविवारच्या पुरवणीत चर्चमधल्या नव्या गाण्यांचं कौतुक वाचलं, पण पेटी की गिटार हा प्रश्नच नाही हो, शब्द काय आहेत ते बघा. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला, पुढे अभंग-ओवीच्या वळणाने ख्रिस्ती भजनं लिहिली आणि शेवटच्या काळात तर ते इथं साताऱ्यातच होते. आमच्या आजीला अक्षरओळख नव्हती तरी त्र्यैक्य म्हणजे पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव हे काय, क्रूस कशासाठी, हे तिला गाण्यांतूनच पाठ. आता स्क्रीनवर 'मला आशीर्वाद दे' एवढंच चार-चार वेळा, पाप, पश्चात्ताप, पुनरुत्थान गायबच! मग उपदेशात काहीही सांगा, लोक घरी जाताना जे गुणगुणतात तेच मानतात. पाळकांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, गाणी स्वतः वाचून निवडावीत, सगळं कॉयरच्या पोरांवर सोडू नये.
– एक वाचक, सातारा