मंगळवारी दवाखान्यात जाताना

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवर बाबांना नीट ऐकू येत नाही आणि आई नुसतं ‘बरं बरं’ म्हणून ठेवून देते. म्हणून शेजारच्या पोराच्या हाती हे पत्र देतेय, शनिवारी तो नंदगडला पोचेल. आई, बाबांना मोठ्यानं वाचून दाखव.

मंगळवारी बेळगावला जायचंय. मागच्या खेपेला काय झालं आठवतंय ना? उपाशीपोटी साखर तपासायची होती आणि बाबांनी खानापूर स्टँडवर चहा-बटर खाल्लं. नर्सबाईंनी कानडीत काहीतरी विचारलं, बाबा म्हणाले, ‘हौद्री,’ म्हणजे ‘हो जी.’ साखर वाढलेली निघाली आणि पुन्हा हेलपाटा पडला. बाबा, कळलं नाही तर ‘हौद्री’ म्हणू नका. आईकडे बघा. बाजारात मिरच्या विकून तिचं कानडी पक्कं झालंय.

सोमवारी रात्री नऊपर्यंत जेवा, नंतर फक्त पाणी. सकाळची साखरेची गोळी खिशात असू दे. रक्त दिल्यावर भाकरी खायची, तेव्हाच ती घ्यायची, असं मी दवाखान्यातून विचारून घेतलंय.

आता कुंद्याच्या मिठाईच्या त्या रिकाम्या डब्याचं, ज्यात तुम्ही गोळ्या ठेवता. पोरानं पाठवलेले गोळ्यांचे फोटो मी रात्री एकेक मोठे करून बघितले. बीपीच्या दोन पाकिटांवर नावं वेगवेगळी, पण खाली बारीक अक्षरांत दोन्हींवर अ‍ॅम्लोडिपिनच! एक बेळगावच्या डॉक्टरांची, दुसरी बाबा आत्याकडे गडहिंग्लजला गेले होते तिथली. म्हणजे बाबा एकच औषध दोनदा घेताहेत. या गोळीनं पाय सुजू शकतात, जास्त झाली तर चक्करही येते. बाबांच्या घोट्यावर बोट दाबलं की खड्डा पडतो, त्याचं कारण कदाचित डब्यातच असेल. दुसरंही असू शकतं, ते डॉक्टर बघतील. मी फोन करून हे त्यांच्या कानावर घातलंय. गडहिंग्लजची बंद, बेळगावची चालू, असं ते म्हणाले. बाकी कुठली गोळी मनानं सोडायची नाही.

मंगळवारी डबा आहे तसा न्यायचा. निवडत बसू नका. आईच्या काढ्याची बाटलीही न्या, आणि गुडघ्यासाठी दुकानातून परस्पर आणता त्या गोळ्याही. त्या सांगायला तुम्ही लाजता, पण दुखण्याच्या गोळ्यांनी बीपी वाढू शकतं, किडनीलाही त्रास होतो. डॉक्टरांना ते कळायला नको का?

आणखी एक. डॉक्टरांसमोर बसलं की तुमचं दोघांचं दुखणं कुठे पळतं कोण जाणे. ‘काय होतंय?’ ‘काही नाही, बरं आहे.’ मग बाहेर चप्पल घालताना बाबा म्हणणार, ‘अगं, चकरेचं सांगायचं राहिलंच की!’ या वेळी चक्कर पहिली. उठल्यावर येते की चालताना, तेही सांगा. आणि आई, परवा न्हाणीत तुझा तोल गेला ते मला शेजारून कळलं. तुझाही केसपेपर काढ. बाबांच्या मागे उभी राहून पिशवी धरायला जाऊ नकोस.

बीपी बघायच्या आधी अर्धा तास चहा नको. पाच मिनिटं पाठ टेकून बसा, पाय जमिनीवर, बोलणं बंद. हे आईला जड जाईल. बाबांनी अर्ध्या बाह्यांचा सदरा घालावा, चष्मा विसरू नये. शेवटी डॉक्टरांनी सांगितलेलं त्यांच्यासमोरच एकदा म्हणून दाखवा: कुठली गोळी, कधी, किती दिवस. चुकलं तर तिथंच सुधारतील.

आईचं आधार कार्ड वरच्या कप्प्यात ठेवा. 2023 पासून कर्नाटकात बायकांना साध्या सरकारी बसला तिकीट नाही, बाबांना आहे, आणि त्यावरून खानापूरपर्यंत कुरकुर करायची नाही.

येताना कुंदा घेऊ नका, बाबा. गोळ्यांना नवा डबा मीच पाठवते.

तुमची,
मनी