शाहिराची वही पुरावा का नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजनेत २०२४ पासून सरसकट दरमहा ५,००० रुपये मिळू लागले. पूर्वी 'क' वर्गातल्या कलावंताची २,२५० रुपयांवर बोळवण होत असे. वाढ चांगलीच आहे, पण भंडारा-गोंदियाच्या खेड्यांत खडी गंमत, म्हणजे उभ्या उभ्या होणारे लोकनाट्य, करणाऱ्या म्हाताऱ्या शाहिरांपर्यंत ती पोचायला हवी ना! पन्नाशीची अट, पंधरा वर्षांच्या कलासेवेची अट, दोन्हींत ते सहज बसतात. घोडे अडते ते पुराव्यापाशी.

आमच्या शेजारगावच्या एका शाहिरांकडे पुरावा म्हणून एक वही आहे. लाल बांधणीची, कडा उंदरांनी कुरतडलेल्या. सुपारी कोणत्या गावची, मंडई (गावची जत्रा) कोणत्या वारी, विसार किती, ढोलकीवाल्याला किती, नाच्याला किती, सगळे त्यांच्याच हातचे. एका पानावर 'पाऊस आला, अर्धेच दिले' अशीही नोंद आहे. कार्यालयात ती कोणी उघडूनसुद्धा पाहिली नाही. कात्रणे आणा, प्रमाणपत्रे आणा, एवढेच सांगितले. "मंडईत कोणी प्रमाणपत्र देते का जी?" असे ते मला विचारत होते. काय सांगणार?

गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या नाटक कंपन्यांची गोष्ट निराळी. त्यांची कार्यालये आहेत, छापील जाहिराती आहेत, तिकिटे आहेत. झाडीपट्टी, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आम्हा सगळ्यांनाच आनंद झाला. पण त्याच मंडईत नाटक रात्री रंगते आणि गंमत दिवसा, उन्हात, उभ्या उभ्या होते. तिचा ना पडदा, ना तिकीट, म्हणून मागे कागदही उरत नाही. दंडार या इथल्या लोककलेतल्या कलावंतांचेही तेच.

उपाय फार खर्चाचा नाही. भाऊबीजेनंतर गावोगावी मंडया भरतील. मंडई समिती गंमतीच्या पार्टीला बिदागी देतेच. त्याच वेळी शाहीर, ढोलकीवाला, मागून सूर धरणारे झीलकरी यांची नावे, गाव आणि तारीख लिहून ग्रामपंचायतीच्या शिक्क्याचा दाखला द्यावा. जुन्या कलावंतांसाठी ग्रामसभेने ठराव घ्यावा आणि छाननी करताना तो ग्राह्य धरला जावा. ज्या गावात चाळीस वर्षे गंमत पाहिली, त्या गावाहून मोठा साक्षीदार कोणता?

आणखी एक. मानधन म्हातारपणी मिळते. पंचविशीतल्या पोराला आज ढोलकीची चामड्याची पुडी बदलायची असते, तालमीला जागा हवी असते. नागपूरला १९८६ पासून दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे. त्याच्या योजनांची माहिती मराठीत, छापील, ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली तरी पुष्कळ. सध्या ती ज्याला संगणक येतो त्याच्यापाशीच राहते, आणि ढोलकी वाजवणारा बहुधा तो नसतो.

यंदाच्या पहिल्याच मंडईपासून दाखले द्यायला सुरुवात व्हावी, असे लेखी पत्र भंडारा आणि गोंदिया जिल्हा परिषदांनी ग्रामपंचायतींना दिवाळीआधी पाठवावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक
ता. मोहाडी, जि. भंडारा