सूचना : पेनी ब्लॅक आणि पेनी रेडचे स्कॅन शुक्रवारपर्यंत पाठवा

सभासदहो,

रविवारच्या बैठकीत पेनी ब्लॅक आणि पेनी रेड या जुन्या ब्रिटिश टपाल तिकिटांची प्लेट, म्हणजे ती छपाईच्या कोणत्या पत्र्यावरून छापली ते, ओळखायला बसणार आहोत. मोबाइलवर काढलेले फोटो कृपया नकोत. मागच्या वेळी "हा ठिपका शाईचा की धुळीचा" यातच अर्धा वेळ गेला.

स्कॅन १२०० डीपीआयचा, रंगीत, टिफ फाइलमध्ये. तिकिटामागे काळा कागद ठेवा, म्हणजे चारही कडा दिसतील. 'शार्पन' आधी बंद करा. त्याने रेषा नसत्याच जाड होतात. आणि काच पुसा!

१८४० च्या पेनी ब्लॅकच्या शीटवर २४० तिकिटे : २० ओळी, १२ रकाने. खालच्या कोपऱ्यांतली अक्षरे तिकिटाची जागा सांगतात, प्लेट नाही. मात्र ती प्लेटवर एकेक करून हाताने ठोकलेली असल्यामुळे त्याच जागेचे अक्षर एका प्लेटवर चौकटीला टेकलेले, दुसरीवर जरा कललेले सापडते. आपली सगळी मदार त्या केसभर फरकावर, म्हणून कोपरे स्वच्छ यायलाच हवेत.

१८६४ पासूनच्या पेनी रेडवर प्लेट नंबर दोन्ही बाजूंच्या नक्षीतच कोरलेला असतो. प्लेट ७७ अतिशय दुर्मीळ, पण ७७ दिसला म्हणून लगेच पेढे वाटू नका. बहुतेकदा तो ७३ निघतो, नाहीतर १७७, ज्यातला १ शिक्क्याखाली गेलेला किंवा कोणीतरी खरवडलेला.

पाकिटावरचे तिकीट सोडवू नका, अख्खे पाकीट स्कॅन करा. फाइलच्या नावात स्वतःचे नाव आणि कोपऱ्यांतली अक्षरे टाका.