ऑगस्टसच्या नावाने कॉन्स्टंटाइनचे नाणे, तेही घासून

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: नाण्याची चुकीची ओळख आणि परवानगीशिवाय केलेली सफाई

महोदय,

गेल्या महिन्यात आपल्याकडून ४,८०० रुपयांना एक रोमन ब्राँझ नाणे मागवले. पाकिटावर ‘सम्राट ऑगस्टस, इ.स.पू. २७ ते इ.स. १४’ असे छापले आहे. नाणे सम्राट कॉन्स्टंटाइनचे आहे, म्हणजे तीनशे वर्षांहून अधिक नंतरचे.

चूक कशी झाली असेल तेही दिसते. दर्शनी बाजूच्या लेखाच्या शेवटी ए, व्ही, जी ही अक्षरे आहेत, म्हणजे ‘ऑगस्टस’चे लघुरूप. त्यावरून कुणीतरी ऑगस्टस ठरवून टाकला. पण ती पदवी आहे, पुढचे सम्राटही ती शेकडो वर्षे लावत आले. आधीची अक्षरे वाचली असती तर ‘कॉन्स्टंटिनुस मॅक्स’ सरळ लागते. मागच्या बाजूला दोन सैनिक, मधे एक ध्वज आणि भोवती ‘ग्लोरिया एक्झर्सिटस’, सैन्याचे वैभव. इ.स. ३३० पासून या छापावर दोन ध्वज असत. ३३५च्या सुमारास वजन घटवले तेव्हा एकच राहिला. सोनाराच्या काट्यावर माझे नाणे दीड ग्रॅम भरले. सैनिकांच्या पायाखाली ‘एस एम के ए’ आहे, म्हणजे टांकसाळ किझिकसची, आजच्या तुर्कस्तानातली. हा छाप मुबलक मिळतो. त्याला एवढी किंमत कुणी देत नाही.

पैशांपेक्षा जास्त लागले ते वेगळेच. फोटोत नाण्यावर सुंदर गर्द हिरवा थर होता. सोबत चिठ्ठी आली: ‘साफ करून पाठवत आहोत.’ हातात आले ते तांबडे, लखलखीत, तारेच्या ब्रशचे ओरखडे उठलेले. काठावरची चीर जुळली म्हणून तेच नाणे हे कळले. डाव्या सैनिकाचा चेहरा आणि भाला गेला. जवळजवळ सतराशे वर्षांत जमलेला थर होता तो, आणि आतल्या धातूला राखणाराही तोच. मी रत्नागिरीत राहते. इथल्या दमट खाऱ्या हवेत उघडे ब्राँझ फिकट हिरवी भुकटी धरू लागले की नाणे पोखरत जाते.

मला पूर्ण रक्कम आणि परतीचा कुरिअर खर्च द्यावा. आपल्या यादीत ऑगस्टसच्या नावाखाली आणखी एक नाणे आहे: एका बाजूला शिरस्त्राण घातलेली रोमा, दुसऱ्या बाजूला दोन बाळांना पाजणारी लांडगी. तेही ३३० नंतरचेच आहे. वर्णन आजच दुरुस्त करा, आणि कृपा करून ते घासू नका.

आपली,
एक ग्राहक, रत्नागिरी